कोळवणच्या बहीण-भावाचा रिपोर्ट

मी सुई काढायच्या आधीच दगडूबाबा ओव्हाळांनी दोन अटी घातल्या. जीप दारात उभी करायची नाही, पार खाली ओढ्यापाशी लावायची. आणि गावात कुणी विचारलं तर हिवतापाचं रक्त न्यायला आलोय असं सांगायचं. मलेरियाचे कर्मचारी तेव्हा गावोगाव बोटं टोचत फिरायचे, त्यामुळे ते सहज खपलं असतं. मी दोन्ही अटी मान्य केल्या.

"पोरीचं लगीन ठरलंय," दगडूबाबा म्हणाले. "माणचं सोयरं हाय. चांगली मान्सं हायेत. त्यांच्या कानावर काय वंगाळ जायला नको."

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या टिश्यू टायपिंग लॅबमध्ये टेक्निशियन होतो. काम मुख्यतः किडनीचं. एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची तर दोघांच्या पेशी जुळतात का ते आधी बघावं लागतं, ते आम्ही बघायचो. या कामाला एचएलए टायपिंग म्हणतात. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर शिक्के असतात असं समजा. शरीराचं सैन्य हे शिक्के बघून आपलं कोण आणि परकं कोण ते ठरवतं, आणि परकं दिसलं की त्याच्यावर तुटून पडतं. शिक्क्यांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून.

मग कोळवणसारख्या खेड्यात काय काम? तर त्या काळात परदेशातले काही शास्त्रज्ञ म्हणू लागले होते की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत यातले काही शिक्के जरा जास्त दिसतात. म्हणजे ज्या जीन्स आपल्याला रोगापासून वाचवतात, त्यांचाच या मनाच्या आजाराशी काही संबंध असेल का, असा प्रश्न होता. काहींना दिसायचं, काहींना दिसायचं नाही. आमच्या लॅबच्या प्रमुख खरेमॅडमना वाटलं, आपण सुट्या रुग्णांऐवजी अख्खी कुटुंबं तपासू. मानसोपचार विभागानं अशा घरांची यादी दिली. त्यात ओव्हाळांचं घर होतं. मॅडमनी मलाच पाठवलं, कारण बाकीचे लोक गेले की घरं दारं लावून घ्यायची. मी गेलो, जय भीम केला, आडनाव सांगितलं, की निदान पाणी तरी मिळायचं. दगडूबाबांनी पाणी दिलं, चहा दिला आणि वर अटी घातल्या.

प्रकाश चोवीस वर्षांचा. मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. दोन वर्षांपूर्वी त्याला रेडिओवरचे लोक आपल्याचबद्दल बोलतायत असं वाटायला लागलं. मग त्यानं रेडिओ विहिरीत टाकला, पण बोलणं काही थांबलं नाही. आता तो चुलीजवळच्या कोपऱ्यात बसून असायचा. बापाशी बोलत नसे, आईच्या हातचं खात नसे. पुण्याहून आणलेल्या गोळ्या त्यानं दोनदा उकिरड्यात फेकल्या होत्या. त्याला भरवायची ती एकटी शालन, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, गावच्या बालवाडीत शिकवणारी.

मी सिरिंज हातात घेताच प्रकाश भिंतीला चिकटला. शालननं त्याचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "आदी माजं घेत्यात. तू बघ. मग तुजं." तिनं आपला हात पुढं केला. माझी सुई जाताना ती त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग त्यानं गुपचूप हात दिला.

ती एकेक प्रश्न विचारत होती. रक्तात काय बघणार, किती दिवस लागणार, आई-बापाचं कशाला. मी शिक्क्यांचं सगळं समजावलं. मला समजावायची हौस दांडगी, आणि समोरचा समजून घेतोय असं दिसलं की मी थांबत नाही. हा माझा दोष मला तेव्हा गुण वाटायचा.

शेवटी आईचं, सरूमावशींचं रक्त घेतलं. ड्रायव्हर जीपचा पट्टा तुटला म्हणून पौडला गेला होता, तीन तास अडकलो. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात मावशींनी माझ्यावर उपकार केले. त्यांच्या स्वतःच्या रक्ताची ट्यूब ओट्यावर राहिली होती. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठात सोडली. दूध नासू नये म्हणून त्या तसंच करायच्या. मला कळलं ते निघताना. आमच्या टेस्टला पेशी जिवंत लागतात आणि गारठलेल्या पेशी खोटं बोलतात. पौष महिन्यातला तो माठ म्हणजे आइस बॉक्सच. मी कपाळाला हात लावला, पण त्या माउलीला काय बोलणार?

पुण्यात त्याच संध्याकाळी कामाला लागलो. बाळंत झालेल्या बायकांच्या रक्तातून काढलेला सीरम आमच्याकडे असे. तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात नवऱ्याकडच्या शिक्क्यांविरुद्ध पहारेकरी तयार होतात. आमचं सगळं शास्त्र त्या बायकांच्या जिवावर चालायचं. साठ खड्ड्यांच्या छोट्या ट्रेमध्ये हा सीरम थेंब थेंब टाकायचा, वर पेशी, मग सशाचा सीरम, मग रंग. ज्या खड्ड्यात शिक्का ओळखला गेला तिथल्या पेशी मरतात आणि रंग पितात. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक खड्डा वाचायचा.

प्रकाशचा ट्रे वाचला. शालनचा वाचला. पुन्हा प्रकाशचा वाचला. एकूण एक खड्डे सारखे.

"मॅडम, फुल मॅच," मी तिथूनच ओरडलो.

हे ओरडणं सवयीचं होतं. किडनीच्या कामात भाऊ-बहीण पूर्ण जुळले की आमच्या लॅबमध्ये सण असायचा. बाहेर नातेवाईक ताटकळत असायचे, ती बातमी सांगायचं काम आपण होऊन माझ्याकडे आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर पेढे यायचे. मॅडमनी मान वर न करता रजिस्टरमध्ये नोंद केली. सख्ख्या भावंडांत चारात एकदा असं होतंच, यात ओरडण्यासारखं काही नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आणि सरूमावशींचा ट्रे वाया गेला म्हणून पुन्हा जाऊन रक्त आणा, असंही म्हणाल्या.

महिन्याभरानं पुन्हा कोळवणला गेलो. या वेळी ट्यूब खिशातच ठेवली. मावशींचं रक्त घेऊन झालं तशी शालन अंगणापर्यंत आली.

"दादा, आमचं काय निगालं?"

नियम असा होता की संशोधनाचे निकाल घरच्यांना सांगायचे नाहीत. नियम मला पाठ होता. पण पोरगी आपली, चार अक्षरं शिकलेली, तिला काय नाही म्हणायचं? मी हसत हसत सांगितलं की तुझं आणि प्रकाशचं शंभर टक्के जुळलंय. किडनीचा पेशंट असता ना, तर तुझी किडनी त्याला डोळे झाकून बसवली असती. त्याच्या शरीरानं तुला परकं मानलंच नसतं.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण ड्रायव्हर अजून चहा पीत होता आणि मला बोलायची खाज. मी तिला आमच्या एका पेशंटची हकिकत सांगितली. त्याची बहीण अशीच पूर्ण जुळली होती, पण तिचं लग्न झालेलं. सासरच्यांनी तिला द्यायला मनाई केली आणि भाऊ गेला. शालननं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि आत गेली. मी जीपमध्ये शीळ घालत बसलो.

होळीच्या सुमारास पौडच्या आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर कामासाठी आमच्याकडे आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या त्या कोळवणच्या शालनचं लग्न मोडलं, कळलं का?"

 एका क्षणात मी सगळं जोडलं. मी 'भावाशी शंभर टक्के जुळलंय' म्हणालो होतो. ते कुणीतरी ऐकलं, माणपर्यंत गेलं, आणि सोयऱ्यांनी अर्थ काढला की भाऊ वेडा तशी हीसुद्धा होणार. मी त्या पोरीचं आयुष्य अंगणात उभ्या उभ्या मोडलं होतं.

खरेमॅडमना सांगणं भाग होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की त्या खऱ्या रागावलेल्या असत.

"रिझल्टचा कागद दिलात?"

"नाही मॅडम. नुसतं तोंडी बोललो."

"म्हणजे आणखी वाईट. कागदावर काय लिहिलंय ते पुन्हा वाचता तरी येतं."

त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी जीप दिली. आधी मुलाकडच्यांना जाऊन भेटा, जे बिघडवलंत ते निस्तरा, म्हणाल्या. रात्री मी भाषण तयार केलं. लॅबमध्ये तुलनेसाठी निरोगी माणसांच्या पेशी लागतात, म्हणून आम्हा सगळ्यांचं टायपिंग आधीच झालेलं होतं. प्रकाशचा जो शिक्का परदेशी शोधनिबंधांत बदनाम होता, तो ए-नाइन नावाचा शिक्का माझ्यातही होता, आणि खुद्द खरेमॅडममध्येही. आम्ही दोघं नोकरी करून खात होतो. याहून मोठा पुरावा काय हवा? माझा स्वतःचा टायपिंगचा कागद मी खिशात घातला.

पुण्याजवळच्या या माण गावात तेव्हा सगळी शेतं. मुलाच्या आईनं घोंगडी टाकली, चहा ठेवला. मुलाचे वडील समोर बसले. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात पाळीला गेला होता. मी भाषण सुरू केलं. शिक्के झाले, चारात एकदा झालं, माझा ए-नाइन झाला. हा आजार फक्त रक्तातून येत नाही, बहिणीला होईलच असं मुळीच नाही, अजून शास्त्रालाही नक्की काही माहीत नाही, सगळं सांगितलं. मध्ये कुणी बोललं नाही. मला वाटलं, पटतंय.

भाषण संपलं तशी मुलाची आई नवऱ्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

"सायेब, आमी कुटं मोडलं? पोरीनंच न्हाई म्हनून निरोप धाडला."

 ती पुढं सांगत राहिली. प्रकाशचं दुखणं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाच कोसांवर काय लपतं? घरात एक माणूस आजारी म्हणून चांगली पोरगी टाकायची व्हय, असं तिनं मलाच विचारलं. मुलाला शालन पसंत होती. त्यांनी दोनदा माणसं पाठवून विनवलं. पोरगी एकच सांगायची, आता लग्न करायचं नाही. कारण विचारलं तर गप्प. शेवटी त्यांनी चांदे गावातली दुसरी मुलगी बघितली.

"आठ दिसांनी हळद हाय," मुलाचे वडील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यानंच मला जास्त मेल्यासारखं झालं. मी त्यांना अडाणी समजून वेडाविषयी शहाणं करायला आलो होतो. 

तिथून घोटवड्यावरून पौड आणि पौडवरून कोळवण. या वेळी जीप सरळ दारात उभी केली. लपवायचं आता काय राहिलं होतं?

दगडूबाबा माझ्याशी नीट बोलले नाहीत. पोरगी का नाही म्हणाली ते त्यांनाही कळलं नव्हतं. पोरीनं हट्ट धरला आणि बापाचं नाक कापलं, एवढंच त्यांच्यापुरतं खरं होतं. सरूमावशी म्हणाल्या, गेले दोन महिने ती रोज गूळ-शेंगदाणे खातेय, सकाळी दूध पितेय, एरवी दुधाचं नाव काढलं तर तोंड वाकडं करायची.

शालन बालवाडीतून आली. मला बघून तिचा चेहरा उजळला. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. आत जाऊन तिनं एक कापडी पिशवी आणली. दोन पातळं, टॉवेल, कंगवा, साबणाची वडी. सगळं घडी करून भरलेलं.

"कवा यायचं, दादा?"

"कुठं?"

"द्यायला."

मला अजूनही कळलं नाही, इतका मी मठ्ठ. विचारलं, काय द्यायला?

"जे लागंल ते. डोक्यातलं लागत आसंल तर डोक्यातलं. तुमीच म्हनला न्हवं, माजं त्याला परकं वाटनार न्हाई. लगीन झाल्यावर सासरच्यांनी न्हाई म्हनलं तर? तुमी सांगितलेल्या बाईवानी व्हायचं." पिशवीच्या बंदाला गाठ मारत ती म्हणाली, "म्हनून आदी हे उरकून घेऊ म्हनलं. लगीन काय, मागनं व्हतंय."

दगडूबाबांनाही खरं कारण आत्ताच कळत होतं. सरूमावशींनी तोंडात पदर धरला. चुलीजवळून प्रकाश आमच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याची नजर स्थिर वाटत होती. तिनं त्यालाही सांगितलं असणार. नंतर कळलं, 'माझं देऊन तुला बरं करणार' या एका बोलीवर तो गेले दोन महिने गोळ्या न फेकता घेत होता.

आयुष्यात अनेक वाईट रिपोर्ट मी लोकांच्या हातात दिले. त्या दिवशी जे सांगितलं तसं कधी सांगावं लागलं नाही. मी म्हणालो की शालन, देण्यासारखं काही नसतं. किडनी हा एक भाग आहे, काढून बसवता येतो. या आजारात असा कुठला भाग नाही. रक्त दिलं तरी उपयोग नाही, मेंदूतलं काही काढता येत नाही.

"मग जुळलं म्हंजी काय?"

"नुसतं जुळलं. एवढंच."

"त्याचा प्रकाशला काय उपेग?"

"अजून काही नाही. आम्ही शोधतोय. सापडेल की नाही, माहीत नाही."

तिनं पिशवीच्या बंदाची गाठ सोडली. मला वाटलं रडेल. मी रडण्याची तयारी करून बसलो होतो, धीर द्यायचे शब्दही जुळवले होते.

"हे तुमाला तवाच ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग त्या दिशी हसत का हुता?"

 काय सांगणार? किडनीवाल्यांत असं जुळलं की हसायची आमची रीत आहे, हे? पेढे मिळतात, हे? मी उठलो, दगडूबाबांच्या पाया पडलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हरनं काय झालं विचारलं, मी म्हणालो, गाडी काढ.

आता काय झालं ते सांगतो. माणच्या मुलाचं लग्न ठरल्या दिवशी चांद्याच्या मुलीशी लागलं. मोडणं शक्य नव्हतं, आणि त्या दुसऱ्या पोरीचा काय दोष? शालननं सात-आठ वर्षं लग्न केलं नाही, नंतर पौडच्या एका बिजवर शिक्षकाशी केलं. प्रकाशनं त्या दिवसानंतर गोळ्या बंद केल्या. खरेमॅडमनी मानसोपचारवाल्यांशी भांडून त्याला दर महिन्याला एक इंजेक्शन सुरू करवलं. ते घ्यायला शालन त्याला एसटीनं पुण्याला आणायची, लग्नानंतरही. तो पूर्ण बरा झाला नाही. गुरं राखण्याइतका झाला. आमच्या लॅबवरून जाताना ती मला नमस्कार करायची, थांबायची मात्र कधी नाही.

आमच्या अभ्यासात म्हणाल तर काही निष्पन्न झालं नाही. कुटुंबं थोडी, ट्रे बरेच वाया गेलेले. अहवाल कपाटात पडून राहिला. मी रिटायर झाल्यावर वाचलं की जीन्सच्या त्याच पट्ट्यात, त्या शिक्क्यांच्या शेजारी, स्किझोफ्रेनियाची जोखीम थोडी वाढवणारं काहीतरी आता खरंच सापडलंय. म्हणजे खरेमॅडम अगदीच चुकीच्या गल्लीत शोधत नव्हत्या. पण एकानं दुसऱ्याला काढून द्यावं असं त्यातही काही नाही, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतलं.

त्यानंतरची उरलेली सगळी नोकरी मी एक नियम पाळला. रिपोर्ट देताना आधी त्यानं काय होणार नाही ते सांगायचं, आणि मग बाकीचं. तेही तोंडावरची रेषा न हलवता. किडनीचे नातेवाईक माझी तक्रार करायचे, की कांबळेसाहेब फुल मॅचचा रिपोर्टसुद्धा मयताला आल्यासारखा देतात. मॅडमकडे ती तक्रार तीन-चारदा गेली. त्यांनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही.